टॉवर स्पीकर: मालक काय म्हणतात आणि त्यांची खोली काय म्हणते

जमिनीवर उभ्या राहणाऱ्या एकाच टॉवर स्पीकरबद्दल दोन मालक बोलत असतात. एक म्हणतो, बेस असा की तावदानं थरथरतात. दुसरा म्हणतो, बेस शोधावा लागतो, सबवूफरशिवाय (फक्त खोल बेस वाजवणारं वेगळं खोकं) गत्यंतर नाही. घ्यायला निघालेल्या माणसाला वाटतं, यातला एक जण थापा मारतोय. बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. फक्त एकाचा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो आणि दुसऱ्याचा खोलीच्या बरोबर मध्यावर. 5 मीटर लांबीच्या खोलीत 34 हर्ट्झच्या आसपासचा खोल आवाज दोन भिंतींमध्ये अडकून घुमतो. भिंतीपाशी तो फुगतो, मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो.

म्हणून कुणाचंही मत वाचताना मी आधी तीन गोष्टी हुडकतो. खोली केवढी आहे, स्पीकर भिंतीपासून किती लांब आहेत आणि या माणसाकडे आधी काय होतं. तिसरी गोष्ट लोक विसरतात. टीव्हीखालच्या साउंडबारवरून थेट टॉवरवर आलेल्याला कुठलाही टॉवर स्वर्गच वाटणार.

तुलनेसाठी तीन जोड्या घेतो: क्लिप्शचा आरपी-8000एफ, केफचा क्यू 750 आणि डालीचा ओबेरॉन 7. यातल्या काहींच्या पुढच्या आवृत्त्या आल्या आहेत (केफची मेटा नावाची क्यू मालिका 2024 ची), पण घराण्यांचा स्वभाव फारसा बदललेला नाही, आणि निवड करायची असते ती स्वभावाची.

क्लिप्श: अंगावर येणारा

पॉल क्लिप्श यांनी 1946 मध्ये अमेरिकेत ही कंपनी काढली ती हॉर्नच्या जोरावर. वरचे सूर वाजवणाऱ्या ट्वीटरपुढे कर्णा लावला की आवाज इतस्ततः न पसरता समोर जातो आणि थोड्या वॅटमध्ये मोठा होतो. आरपी-8000एफमध्ये खालचे सूर वाजवणारे दोन 8 इंची वूफर, हॉर्नमध्ये बसवलेला टायटॅनियमचा ट्वीटर आणि कागदावर 98 डेसिबलची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे 1 वॅट दिल्यावर 1 मीटरवर ऐकू येणारा आवाज. स्वतंत्र मोजमापांत हा आकडा काही डेसिबल खाली येतो. 95 च्या आतबाहेर धरा, तरीही तो भरपूर आहे.

मालकांचं कौतुक एकाच दिशेचं असतं: सिनेमा. दार आपटलं की दचकायला होतं, गर्दीच्या प्रसंगातही संवाद फोडून बाहेर येतात, साध्या रिसीव्हरवरही (होम थिएटरचा ॲम्प्लिफायर) दम लागत नाही. तक्रारही तितकीच एकसुरी: वरचा सूर टोचतो, तासाभराने कान थकतात. ही तक्रार करणाऱ्यांच्या खोल्यांचे फोटो बघा. उघडी फरशी, समोर मोठी काच, पडदा नाही. पायाखाली जाड गालिचा आणि जड पडदे असलेल्या खोलीतले मालक याच स्पीकरला 'जिवंत' म्हणतात. स्पीकरचं तोंड थेट कानाकडे न ठेवता थोडं बाहेर वळवलं तरी धार कमी होते. पण मुळात ज्याला मऊ आवाज आवडतो त्याने गालिच्यावर भरवसा ठेवून हे घेऊ नयेत.

केफ: जागेवर बोट ठेवणारा

रेमंड कुक यांनी 1961 मध्ये इंग्लंडात केफ सुरू केली. कंपनीचा युनि-क्यू ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) 1988 चा: मधल्या सुरांच्या कोनच्या, म्हणजे हलणाऱ्या शंकूच्या, ऐन गाभ्यात ट्वीटर. दोन्ही आवाज एकाच बिंदूतून निघाल्यामुळे बाजूला बसलं, उभं राहिलं, तरी सुरांचा मेळ फारसा बिघडत नाही. क्यू 750 मध्ये असा एक युनि-क्यू, एक बेसचा ड्रायव्हर आणि दोन पॅसिव्ह रेडिएटर आहेत, म्हणजे तारा न जोडलेले, आतल्या हवेच्या दाबावर हलणारे कोन. समोरून चार शंकू दिसतात म्हणून चार ड्रायव्हर समजू नका.

इथे मालक सांगतात ते असं: डोळे मिटले की स्पीकर नाहीसे होतात, गायक दोन खोक्यांच्या मधोमध उभा राहतो. सोफ्याच्या टोकाला बसणाऱ्यांची कुरकुर कमी होते, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. घरातल्या एकाच माणसाला मधली जागा मिळते. नाराजी कशाची? 'अंगावर येत नाही', 'जरा दबका वाटतो'. यातला अर्धा दोष ॲम्प्लिफायरचा असतो.

हे गणित एकदा मांडतोच, कारण त्यावर बरेच वाद मिटतात. क्यू 750 ची सेन्सिटिव्हिटी 88 डेसिबल. सिनेमाच्या प्रमाण पातळीवर मुख्य स्पीकरकडून 105 डेसिबलचे झटके अपेक्षित असतात. 3 मीटरवर बसलात तर अंतरापायी मोकळ्या जागेत साडेनऊ डेसिबल गळतात. भिंतींची मदत सोडून दिली, तर 88 वाल्याला तिथवर पोचायला साधारण 450 वॅट लागतील आणि 95 वाल्याला 90. अर्थात घरात इतक्या मोठ्याने कोणी ऐकत नाही. 10 डेसिबल खाली या, मग हेच आकडे 45 आणि 9 होतात. म्हणजे शेजाऱ्यांशी बोलणं टिकवून ऐकणाऱ्याला केफ बऱ्या रिसीव्हरवर पुरतो. मोठी खोली आणि मोठ्या आवाजाची हौस असेल, तर वेगळा पॉवर ॲम्प्लिफायर धरूनच हिशेब करावा.

डाली: बसून राहावंसं वाटणारा

1983 ची ही डॅनिश कंपनी. ओबेरॉन 7 मध्ये दोन 7 इंची वूफर, त्यांच्या कागदी कोनमध्ये लाकडाचे तंतू, वर 29 मिलिमीटरचा मऊ डोमचा ट्वीटर. एक गंमत: कंपनी स्पीकर श्रोत्याकडे वळवायला सांगत नाही, नाकासमोर सरळ ठेवायला सांगते. आवाज रुंद पसरावा असंच त्याचं ट्यूनिंग आहे. नापसंतीची मतं लिहिणाऱ्या काहींनी ते सवयीने आत वळवलेले असतात आणि मग वरचे सूर चढे वाटतात.

मालकांत संगीत ऐकणारे जास्त. तासन्‌तास वाजवलं तरी बंद करावंसं वाटत नाही, कमी आवाजातही भरलेला वाटतो, हे पुन्हा पुन्हा येतं. सिनेमावाले मात्र 'स्फोट गुळगुळीत होतात' म्हणतात, आणि ते खरं आहे. सेन्सिटिव्हिटी 88.5, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या बाबतीत केफच्याच पंगतीत.

मोज्याची गोष्ट

माझे टॉवर कुठले ते सांगत नाही, कारण दोष त्यांचा नव्हता. आणले त्या दिवशी टीव्हीच्या दोन्ही बाजूंना भिंतीपासून वीतभर अंतरावर उभे केले, कारण तिथे ते शोभत होते. बातम्या लावल्या तर निवेदक हंड्यात तोंड घालून बोलतोय असं वाटलं. तबला लावला, तर डग्ग्यावरची मींड एका ठरावीक सुरापाशी आली की फुगायची आणि पुढचं सगळं गिळायची. आठवडाभर मी दुकानदार, केबल आणि नशीब यांना बोल लावला. मग स्पीकरच्या मागच्या पोर्टात, म्हणजे हवा जायच्या भोकात, गुंडाळलेला मोजा कोंबला. निवेदक हंड्यातून बाहेर आला! काही कंपन्या याच कामासाठी फोमचे बोळे खोक्यातच देतात; माझे पिशवीत न उघडता पडले होते. पुढे स्पीकर 60 सेंटिमीटर पुढे ओढले, मोजा काढला आणि मींड वरपासून खालपर्यंत सलग ऐकू आली. त्या 60 सेंटिमीटरमुळे खोलीत चालायची वाट अरुंद झाली, ते भांडण वेगळं.

तेव्हा जागेची फूटपट्टी आधी काढा. भिंतीपासून दोन वितीही सुटणार नसतील, तर मागे पोर्ट असलेल्या टॉवरपेक्षा पुढे पोर्ट असलेला किंवा पॅसिव्ह रेडिएटरवाला सोपा जातो. भिंतीमुळे बेस वाढतोच, पण निदान भोकाची हवा भिंतीवर आपटत नाही.

टॉवर की बुकशेल्फ आणि सबवूफर?

सिनेमाच मुख्य असेल तर माझं मत सरळ आहे: चांगले बुकशेल्फ (स्टँडवर ठेवायचे छोटे स्पीकर) आणि एक धड सबवूफर. स्टँडवरचा बुकशेल्फ जमिनीवर टॉवरइतकीच जागा खातो, त्यामुळे जागा वाचते हा युक्तिवाद पोकळ. खरा फायदा दुसरा. टॉवरचा बेस तिथूनच येतो जिथे डावा-उजवा आवाज नीट लागावा म्हणून तुम्ही त्याला उभं केलंत, आणि ती जागा बेससाठी क्वचितच चांगली असते. सबवूफर मात्र खोलीभर फिरवून गुळगुळीत कोपरा शोधता येतो. टॉवर असूनही बरेच जाणकार रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये ते 'स्मॉल' (खोल बेस न देण्याचे लहान स्पीकर) करून 80 हर्ट्झखालचं सगळं सबवूफरकडे ढकलतात. आपोआप मोजणी करणारे रिसीव्हर टॉवर बघून 'लार्ज' लावून मोकळे होतात. ते हाताने बदला. 'सबवूफर घेतला तरी फरक नाही' म्हणणाऱ्या कित्येकांचं दुखणं एवढंच असतं.

दोनच चॅनेलवर संगीत ऐकणार असाल, आणखी एक खोकं आणि त्याचं ट्यूनिंग नको असेल, तर टॉवर. मोठ्या खोलीतही टॉवर. मधल्या-खालच्या सुरांचा जो पैस त्यात मिळतो, तो छोट्या खोक्याला ताण न घेता जमत नाही.

टीव्हीखाली मधोमध ठेवायच्या सेंटर स्पीकरबद्दल मालक कमी लिहितात, आणि तिथेच फसगत होते. सिनेमातले बहुतेक संवाद त्यातून येतात. तो त्याच मालिकेतला हवा, नाहीतर गाडी डावीकडून उजवीकडे जाताना मध्येच तिचं इंजिन बदलतं. ट्वीटरच्या दोन्ही बाजूंना आडवे वूफर असलेल्या सेंटरचा आवाज कडेला बसलेल्यांना पोकळ लागतो, कारण दोन वूफरचे आवाज तिरक्या कोनात एकमेकांना खोडतात. केफचा सेंटर याबाबतीत उजवा, एककेंद्री ड्रायव्हरमुळे. रुंद सोफ्यावर चारपाच जण बसत असतील, तर याच एका कारणासाठी मी केफकडे झुकेन.

पहिल्या आठवड्यातली मतं मी चाळतो, दोन वर्षांनंतरची वाचतो. 'शंभर तास वाजवल्यावर स्पीकर खुलले' याकडे फार लक्ष देत नाही. तेवढ्या वेळात कानही रुळतात. दोन वर्षांचा मालक वेगळं बोलतो. लहान मुलाने ट्वीटरचा डोम बोटाने आत दाबला. मांजराने जाळीवर नखं घासली. 27 किलोचा क्लिप्श झाडू मारताना हलवायचा तर कंबर धरते. बारीक बुंध्याचा टॉवर धक्क्याने डोलतो, त्याला बाहेर येणारे पाय लावावे लागले. मुलं घरात असतील तर जाळी काढून मिरवणं विसरा. युनि-क्यूचा तो चकचकीत गाभा तर बोटाला निमंत्रणच देतो.

मला निवडायला सांगितलंत तर: जड पडद्यांची, सिनेमासाठीच ठेवलेली मोठी खोली असेल तर क्लिप्श. बसायला सगळं घर असेल, निम्मं संगीत निम्मा सिनेमा असेल आणि ॲम्प्लिफायर दमदार असेल तर केफ. रात्री कमी आवाजात एकट्याने ऐकायचं असेल तर डाली, सरळ नाकासमोर ठेवून. ऐकायला जाताना आपली ओळखीची तीन रेकॉर्डिंग न्या, त्यातलं एक नुसत्या बोलण्याचं. दुकानातली खोली तुमची नाही, पण माणसाचा बोलण्याचा आवाज बिघडला की तो कुठल्याही खोलीत ओळखू येतो. आणि परत करायची मुदत किती दिवसांची आहे ते आधी विचारून घ्या. माझ्यासारखा आठवडा केबलला शिव्या देण्यात गेला, तर मोज्यापर्यंत पोचायला वेळ उरायला हवा.