चालणं आणि लाडू, की वजनं आणि वरण? चाळिशीनंतरची निवड

रोजचा अर्धा तास आणि महिन्याचे हजारेक रुपये, स्वतःसाठी एवढंच निघत असेल तर ते कुठे घालायचे? चाळिशी ओलांडलेल्या बऱ्याच जणी सकाळचं चालणं आणि जोडीला एखादी पावडर किंवा लाडू असा मार्ग धरतात. दुसरा मार्ग कमी वापरातला आहे: आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलायची आणि ताटातली प्रथिनं वाढवायची. माझा कौल दुसऱ्याला. पण पहिल्यातलं सगळंच सोडून द्यावं असं नाही.

चालणं, सूर्यनमस्कार, वजनं

रक्तदाब, साखर, झोप, मन, या सगळ्यांसाठी चालणं उत्तम आणि फुकट. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या सूचनांमधला आठवड्याचा 150 ते 300 मिनिटांचा मध्यम व्यायाम चालून सहज भागतो. त्याच सूचनांमध्ये आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायामही सांगितला आहे, तो मात्र आपल्या कानावरून जातो.

पाळी थांबण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटतं आणि पुढची काही वर्षं हाडं वेगाने विरळ होत जातात. सवयीपेक्षा जास्त भार पडला तरच हाड बळकट होतं, आणि चालण्याचा भार पायांच्या अंगवळणी कधीच पडलेला असतो. ऑस्ट्रेलियातल्या ‘लिफ्टमोर’ चाचणीत पाळी थांबलेल्या, हाडं विरळ झालेल्या स्त्रियांनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास जड वजनं उचलली. त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची वाढली नाही. अर्थात हे सगळं प्रशिक्षकाच्या नजरेखाली झालं. व्हिडिओ बघून पहिल्याच आठवड्यात चाळीस किलोला हात घालू नका.

सूर्यनमस्कार या दोन्हींच्या मधले. हात, खांदे, पाठ सगळं कामाला लागतं, पण संख्या वाढवली तरी भार तेवढाच राहतो. हाडं आधीच ठिसूळ असल्याचं निदान झालं असेल, तर कंबरेतून खोल पुढे वाकणं टाळलेलं बरं.

जिमची फी परवडत नसेल तर खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, भिंतीला जोर, पाठपिशवीत पाण्याच्या बाटल्या. लिटरची भरलेली बाटली म्हणजे एक किलो, त्यामुळे वजन किती वाढवलं याचा हिशेबही राहतो.

नाचणी, तीळ, दूध

पाळी थांबल्यावर रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, त्याआधी 1000. अन्नघटकांच्या तक्त्यात तीळ सगळ्यांना मागे टाकतात: 100 ग्रॅममागे हजारावर मिलिग्रॅम. पण त्यातलं बहुतेक कॅल्शियम सालीत, ऑक्झलेट या कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या घटकाने बांधलेलं असतं आणि शरीराला थोडंच मिळतं. साल काढलेले पांढरेशुभ्र तीळ घेतले तर तेही गेलं. नाचणीत 100 ग्रॅमला साधारण 350 मिलिग्रॅम, म्हणजे 50 ग्रॅम पिठाच्या भाकरीत 175च्या आसपास. नाचणीला मोड आणून दळलं तर शोषणाच्या आड येणारं फायटेट कमी होतं आणि शोषण सुधारतं. मात्र फडक्यातून गाळून केलेल्या सत्त्वात कोंडा निघून जातो, आणि कॅल्शियम तर तिथेच जास्त. बाळासाठी सत्त्व ठीक, तुमच्यासाठी भाकरी किंवा आंबील. 200 मिली दुधातून किंवा तेवढ्या दह्यातून 240 मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं आणि ते चांगलं शोषलंही जातं. दूध पचत असेल तर ते पहिलं, नाचणी दुसरी, तीळ चवीला.

अळीव की लोहाची गोळी?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणून आधी हिमोग्लोबिन तपासा. 12च्या वर असेल तर अळीव, शेवग्याचा पाला, मोड आलेली कडधान्यं आणि वर लिंबू, एवढं चालेल; चहा जेवणापासून तासभर तरी लांब. बरंच खाली असेल तर लाडवांनी ते भरून निघत नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळीच घ्यावी लागते आणि रक्त कुठे जातंय तेही शोधावं लागतं. हिमोग्लोबिन असं खाली गेलेली थकलेली बाई रोज चालायला लागली तर तिला धाप लागणार, आणि दोष मात्र वयाला देणार. गरोदरपणात अळीव खात नाहीत, हेही लक्षात असू द्या.

डिंक, शतावरी, अश्वगंधा

डिंकाच्या लाडवात तूप, गूळ, खोबरं; वजन उचलणारीला एखादा चालेल, बैठं काम करणारीला महागात पडेल. चाळिशीनंतरच्या हाडा-स्नायूंसाठी शतावरीची पुराव्याची बाजू लंगडी आहे. अश्वगंधेबाबत मी जास्त सावध आहे: यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत आणि ती थायरॉइडच्या औषधांच्या आड येऊ शकते. पावडरीच्या डब्याचे पैसे मी अंडी, दही, डाळ, सोयाबीनमध्ये घालेन. 60 किलोच्या बाईला रोज किमान 50 ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात 6 ग्रॅम, आणि 30 ग्रॅम कच्च्या डाळीच्या वरणात 7. पातळ आमटी आणि भातावर हे गणित जमत नाही.

कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या एकत्र घेऊ नका. एक सकाळी, एक रात्री. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती पहाटे रिकाम्या पोटी, आणि या दोन्ही गोळ्या त्यानंतर किमान चार तासांनी.