कणकुंबी-भीमगडच्या रानाला कुठली शीट घ्यावी?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पश्चिमेचं रान कागदावर वाचायचं तर भारतीय सर्वेक्षण खात्याच्या नकाशांच्या (शीटांच्या) दोन पिढ्या समोर येतात: जुनी इंची शीट, म्हणजे मैलाला एक इंच (१:६३,३६०), आणि नंतरची १:५०,००० ची मेट्रिक.

जुन्या क्रमांकांत आपला भाग ४८ आय या मोठ्या चौकोनात येतो, त्याचे तुकडे म्हणजे आय/१, आय/२ अशा शीटा. ७४ अंश ३० मिनिटांची रेषा नेमकी बेळगाव शहरातून जाते, त्यामुळे गाव दोन शीटांत फाटलंय. कणकुंबी आय/२ वर, जांबोटी आय/६ वर, खानापूर आय/१० वर. १९५६ आधीच्या शीटवर बेळगाव तेव्हाच्या मुंबई राज्यात दिसतं. माझ्या एका मित्राने तेवढ्यासाठीच ती चौकटीत लावलीय!

उंचीच्या रेषांत जुनी मागे असेल असं वाटतं, पण तसं नाही. तिच्यात सहसा ५० फुटांना एक रेषा, मेट्रिकमध्ये २० मीटरना. म्हणजे उतार जुनीत जास्त बारकाईने उतरलाय. पायवाटा दोन्हींत तुटक लाल. फक्त जुनीतली वाट आज करवंदीच्या जाळीत गेलेली असते. एकदा मी अशाच वाटेवर तासभर कोयता चालवला आणि शेवटी ओढ्यातून परत आलो.

ओढ्यांचं मात्र दोन्हींत सारखंच जपायचं. काळी रेघ म्हणजे वर्षातला बराच काळ कोरडा. नकाशात काळा म्हणून जुलैत त्यात पाय घालू नका, कणकुंबीच्या पावसात तोच ओढा माणूस ओढून नेतो.

मोबाइलचा ठिपका शीटवर बसवायचा असेल तर जुनी गोंधळ करते. ती एव्हरेस्टच्या मापावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या हिशोबावर काढलेली, मोबाइल डब्ल्यूजीएस-८४ या जीपीएसच्या हिशोबावर चालतो. आपल्याकडे शंभरेक मीटरचा फरक पडतो. दाट रानात तेवढ्यात वाट हुकते. २००५ च्या नकाशा धोरणानंतर आलेली ओपन सिरीज, म्हणजे सर्वांसाठी खुली केलेली मेट्रिक शीट, थेट डब्ल्यूजीएस-८४ वरच आहे, शिवाय ऑनलाइन मिळते.

तेव्हा चालायला जाणाऱ्याने ओपन सिरीज घ्यावी, आणि भीमगड अभयारण्यात शिरण्याआधी वनखात्याची परवानगी. आजोबा कुठल्या वाटेने गोव्याकडे उतरायचे हे शोधायचं असेल तर इंचीच घ्या. फक्त छपाईच्या सालावर जाऊ नका, पाहणीचं साल बघा. ते बारीक अक्षरात असतं, भिंग लागतं.