शॅडोडार्क आरपीजी : मशालीच्या उजेडात काही महिने

आधीच सांगते, मी तटस्थ नाही. डीएनडी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, या टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत खेळायच्या गेमची (आरपीजी) पाचवी आवृत्ती चालवून चालवून माझा पिट्ट्या पडला होता. पात्राचा सबक्लास (पेशातली उपशाखा) कोणता घ्यायचा यावर आठवडाभर व्हॉट्सअ‍ॅपवर काथ्याकूट, आणि रविवारी खेळायला बसलं की एका मारामारीत दुपार खलास. आमच्या पुण्यातल्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना नेमकं तेच आवडतं. त्यामुळे शॅडोडार्क हा दुसरा आरपीजी टेबलावर आणल्यापासून आम्ही जितकं खेळलो तितकंच भांडलोही. हा रिव्ह्यू त्या भांडणांसकट वाचा.

ओळख थोडक्यात. केल्सी डियॉन यांचा हा गेम, प्रकाशन त्यांच्याच द आर्केन लायब्ररीचं. २०२३ साली किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर तेरा लाख डॉलरच्या वर पैसे जमले आणि २०२४ च्या एनी पुरस्कारांत (हे अशा गेमसाठीच असतात) ‘प्रॉडक्ट ऑफ द इयर’ही मिळालं. वीस बाजूंचा फासा, अ‍ॅडव्हान्टेज (फासा दोनदा टाकून मोठा आकडा घेणं), आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) ही यंत्रणा पाचव्या आवृत्तीची. वृत्ती मात्र १९८१ च्या बेसिक डीएनडीची: चार क्लास (पात्रांचे पेशे), दहा लेव्हल, आणि मरण स्वस्त.

आता मशाल. मशाल एक तास जळते, आणि हा तास तुमच्या घड्याळातला. मी फोनवर टायमर लावते आणि फोन टेबलाच्या मधोमध ठेवते. पाचव्या आवृत्तीत एल्फ, ड्वार्फ, टीफलिंग अशा बहुतेक वंशांच्या पात्रांना अंधारात दिसतं, आणि लाइट हा कॅन्ट्रिप (छोटा स्पेल, म्हणजे मंत्र) कितीही वेळा टाकता येतो, म्हणजे अंधार फक्त वर्णनापुरता उरतो. इथे खेळाडूंपैकी कुणालाच अंधारात दिसत नाही आणि राक्षसांना दिसतं. लाइट स्पेल आहे, पण तोही फासा टाकून जमला तर जमला. परिणाम असा की ज्या दारासमोर आमची मंडळी पूर्वी अर्धा तास कान लावून बसायची, ते आता दोन मिनिटांत उघडतं. नियमांवरचे वादही आपोआप आखूड झाले, कारण वाद चालू असतानाही मशाल जळतच असते.

यावरून आमच्यात पडलेला मोठा प्रश्न म्हणजे चहाला टायमर थांबवायचा की नाही. माझं मत ठाम आहे: सगळे उठले तर थांबवायचा, एकटा कुणी कप घेऊन गॅलरीत गेला तर नाही. ऑनलाइन खेळताना मात्र हा नियम त्रास देतो. एकाचं नेट गेलं की सगळे टायमरकडे बघत बसतात, आणि मग टायमर कधी थांबवला यावर नवीन वाद.

मशालीचा खरा जोर कळतो तो सामानाच्या नियमामुळे. तुमच्या पात्राची स्ट्रेंग्थ (ताकदीचा आकडा) किंवा दहा, जे जास्त असेल तेवढेच स्लॉट, म्हणजे सामानाच्या जागा, आणि प्रत्येक मशाल एक स्लॉट खाते. एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) मिळतात खजिन्याचे, राक्षस मारण्याचे नाहीत. त्यामुळे सोन्याची मूर्ती उचलायची तर कुठली मशाल टाकून द्यायची, असा हिशेब ऐन भुयारात करावा लागतो. मारामारी टाळायची अक्कलही त्यातूनच येते. आमचा जो मित्र वर्षानुवर्षं ‘आधी तलवार, मग ओळख’ या तत्त्वाने खेळला, तो परवा गॉब्लिनांशी तासभर घासाघीस करत होता.

इनिशिएटिव्ह, म्हणजे पाळ्यांचा क्रम, सतत चालू असतो, लढाई नसतानाही. फासे टाकायचे आणि मग पाळी टेबलाभोवती फिरत राहते. ग्रुपमधल्या गप्प बसणाऱ्या मुलीला दर फेरीत स्वतःची पाळी मिळायला लागली आणि मोठ्या आवाजाच्या दोघांना चाप बसला. या एका नियमासाठी मी बाकी बरंच माफ करते.

माफ करण्यासारखं आहेही बरंच. सगळ्यात जास्त रण माजतं टॅलेंटवर, म्हणजे पात्राला मिळणाऱ्या खास कसबांवर. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या अशा विषम लेव्हलला दोन सहाचे फासे टाकायचे आणि क्लासच्या तक्त्यात येईल ते घ्यायचं. आमच्यातल्या एकाला विसाव्या लेव्हलपर्यंतचं बिल्ड (पात्राचा आराखडा) एक्सेलमध्ये मांडायची सवय. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, ‘‘अगं, मग मी ठरवायचं काय?’’ मी म्हटलं, ‘‘डावीकडे जायचं की उजवीकडे, ते ठरव.’’ त्याला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. त्याची मजा घरी, पात्राच्या शीटसमोर असते. माझी टेबलावर असते. शॅडोडार्क उघडपणे माझ्या बाजूचा गेम आहे, आणि त्याला तो आवडावा असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. पण लांबच्या कॅम्पेनमध्ये (अनेक बैठकींत चालणाऱ्या गोष्टीत) दोन फायटरांमधला फरक निव्वळ नशिबाने वाढत जातो, ही त्याची तक्रार खरी आहे. आम्ही टॅलेंट दोनदा टाकून एक निवडतो. तेवढ्याने भागतं.

विझर्डचंही, म्हणजे जादूगाराचंही, तसंच. इंटेलिजन्स सोळा असलेल्या नव्या विझर्डचा पहिल्या टियरचा (सगळ्यात खालच्या पातळीचा) स्पेल जमण्याची शक्यता ६५ टक्के. जमला तर पुन्हा टाकता येतो, फसला तर विश्रांतीपर्यंत गेला. फाशावर एक पडला तर अपघातांचा तक्ता. मला हे आवडतं, कारण जादू जोखमीची वाटते. पण चार बाजूंच्या फाशावर एचपी (किती मार झेपेल तो आकडा) ठरलेल्या माणसाचा पहिलाच स्पेल फसला की त्याने उरलेली संध्याकाळ मशाल धरावी, हे सगळ्यांना झेपत नाही.

पाचव्या-सहाव्या लेव्हलनंतर गेम जरा सपाट होतो. सम लेव्हलला एचपीशिवाय फारसं काही मिळत नाही. स्पेलवाल्यांना नवे स्पेल तरी असतात, फायटर आणि थीफ नुसते जाड होतात. तिथून पुढे कॅम्पेन जीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, तयारीवर चालतं. पुस्तकातले तक्ते त्यासाठी भरपूर कामी येतात. कॅरूझिंगचा तर सोन्यासारखा आहे: लुटीतले पैसे दारूत उडवा, एक्सपी घ्या, आणि सकाळी उठून काय झालंय ते निस्तरा.

घ्यायचा विचार असेल तर आधी फुकटच्या क्विकस्टार्ट पीडीएफ उतरवा, खेळाडूंची वेगळी, जीएमची वेगळी. जीएमच्या पीडीएफमध्ये लाल मिनोटॉरच्या किल्ल्याचं साहस आहे, त्यावर एक-दोन रविवार सहज जातात. हार्डकव्हर देखणं आहे, पण परदेशातून मागवण्याचा खर्च बघून मगच हात घाला.

आमच्याकडे सध्या एक रविवार पाचवी आवृत्ती, एक रविवार शॅडोडार्क असा तह झालाय. त्यांच्या रविवारी मी चॅम्पियन फायटर खेळते. त्यात निवडायचं सगळ्यात कमी असतं, आणि एक्सेलवाल्याला ते बघवत नाही.