मेरांतीचे सागो नूडल्स – जरूर घ्या, पण पाकिटावर गावाचं नाव हवं होतं

सिंगापूरमध्ये असाल तर इंडोनेशियन किराणा दुकानात सुके सागो नूडल्स मिळतात का बघा, तिकडे त्याला मिए सागू म्हणतात. मी आणले ते सुमात्राजवळच्या मेरांती बेटांवरचे. आपला साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, हे मात्र खऱ्या सागो पामच्या खोडातल्या पिठाचे.

स्वतःची चव फार नाही पण टेक्स्चर एकदम भारी, शिजले की खिचडीतल्या साबुदाण्यासारखे पारदर्शक होतात आणि चावायला मजा येते. तिकडची पद्धत म्हणजे सुके छोटे मासे, मोड आलेले मूग, मिरची घालून परतायचे. आधी भिजवून ठेवा आणि कढईत जास्त वेळ ठेवू नका, नाहीतर लगदा होतो. प्रोटीन जवळपास नाहीच, त्यामुळे सोबत अंडं किंवा मासे हवेतच.

पण मी हे परत परत घेते त्याचं कारण वेगळं आहे. इंडोनेशियातल्या आगींचा २०१५ चा धूर इथे सिंगापूरमध्ये ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवत असेल, शाळासुद्धा बंद ठेवल्या होत्या. त्या वर्षी इंडोनेशियात २६ लाख हेक्टर जळालं आणि त्यात पीटची जमीन खूप होती, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याचा मीटरच्या मीटर खोल थर. पाम तेल नाहीतर कागदाच्या झाडांसाठी कालवे खणून पाणी काढलं की हा थर सुकतो, खचतो आणि पेटला की आतल्या आत जळत राहतो. सागोला पाणी काढावंच लागत नाही, ओल्या पीटमध्येच वाढतो, एक खोड तोडलं तरी बुडाशी नवे कोंब असतातच, त्यामुळे दरवेळी लागवड नाही की जाळपोळ नाही. मेरांतीतल्या सुंगाई तोहोर गावात लोकांचं पोटच सागोवर, त्यांनी कालव्यांना बांध घालायला लावले, २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोकोवी स्वतः तिथे बांध घालायला गेले होते.

सगळंच छान आहे असं नाही, पीठ धुतल्यावरचा चोथा बऱ्याच गिरण्या नदीत सोडतात, ते थांबायलाच हवं.

किंमत राइस नूडल्सपेक्षा जास्त आहे, मला चालते. खटकलं ते पाकीट, गाव कुठलं, गिरणी कुठली, काहीच लिहिलेलं नाही, नुसतं मेरांती. दुकानदारांना मी विचारलंय, तुम्ही पण विचारा.