ओहायोत पुन्हा लागलेली ड्युटी

३५ वर्षं स्टेशन मास्तरकी केली, त्यातली बरीचशी सिंगल लाईनवर, म्हणजे दोन्ही दिशांच्या गाड्यांना एकच रूळ. त्यामुळे मुलीकडे ओहायोत आल्यावर जावई मॉडेल रेल्वे क्लबात चला म्हणाले, तेव्हा वाटलं, कोथरूडला जोशींच्या संग्रहालयात पाहिलं तसंच काहीतरी असेल, टाळ्या वाजवून परत येऊ. पण इथे प्रेक्षक नसतातच. वीस डॉलर भरले की ड्युटी लागते.

मला ऑपरेटर केलं, म्हणजे स्टेशनावर बसून गाड्यांना हुकूम पोचवणारा. मांडणी १:८७ची (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी), काळ १९५०च्या आसपासचा, कामकाज तिथल्या जुन्या 'टाइमटेबल अँड ट्रेन ऑर्डर' पद्धतीचं. आमच्या वेळी टोकनचा गोळा, म्हणजे पुढची लाईन मोकळी असल्याची खूण, हातात मिळाल्याशिवाय ड्रायव्हर पुढच्या स्टेशनापर्यंतच्या सेक्शनमध्ये शिरत नसे. इथे गोळाच नाही! गाडीचा दर्जा आणि दिशा वेळापत्रकात ठरलेली. कमी दर्जाच्या गाडीने वरचढ गाडीच्या वेळेआधी ५ मिनिटं लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, जाऊन उभं राहायचं. वेळापत्रक कोलमडलं की डिस्पॅचर (आपल्याकडचा कंट्रोलर, सगळ्या गाड्यांवर नजर ठेवणारा) कुठली गाडी कुठे थांबेल, कुठली पुढे जाईल ते फोनवर सांगतो, तीच ऑर्डर. आपण कार्बन घालून पातळ कागदावर उतरवायची, मग वाचून दाखवायची. आपण वाचू तसा तो आपल्या वहीत एकेका शब्दाखाली रेघ मारतो आणि शेवटी 'कम्प्लीट' म्हणून वेळ देतो. १९ नंबरचा फॉर्म चालत्या गाडीला द्यायचा, ३१ नंबरला गाडी थांबवून सही घ्यायची.

तारेने अशी पहिली ऑर्डर १८५१ मध्ये इरी रेल्वेच्या चार्ल्स मिनॉटने दिली. ड्रायव्हरने गाडी न्यायला साफ नकार दिला, मग मिनॉटने स्वतः इंजिन हाकलं. खरं सांगू, मी त्या ड्रायव्हरच्या बाजूने आहे; हातात गोळा नसताना नुसत्या निरोपावर कोण निघेल? पण तिसरी ऑर्डर लिहिताना माझ्या हाताला घाम आला होता, आणि निवृत्तीनंतर असं पहिल्यांदाच झालं. इंजिनाची प्रत दिली, गार्डची काढायलाच विसरलो. मालगाडी लूपमध्ये अडकली आणि डिस्पॅचरने मला नियमाचं कलम ऐकवलं, अगदी आमच्या कंट्रोलरच्या सुरात.

तक्रार एकच, पण मोठी. भिंतीवरचं घड्याळ चौपट पळतं. गाड्यांना ते चालतं, अंतरंच छोटी आहेत. माझा हात मात्र चौपट पळत नाही. ऑर्डर लिहून, वाचून दाखवायला २ मिनिटं गेली की घड्याळात ८ उलटलेली, आणि समोरची गाडी उशिरा. दुपटीवर ठेवलं तरी पुरे. नवख्याच्या हातात दारातच नियमावली कोंबतात, ती आधी घरी पाठवावी. स्टुलाला पाठ नाही. कॉफीबद्दल बोलत नाही.

तरी मी पुन्हा जाणार. मला डिस्पॅचरची खुर्ची हवी आहे. त्यासाठी चार सेशन हजेरी लागते, सेशन दोन महिन्यांतून एकदा, आणि माझा मुक्काम सहा महिन्यांचा. जावयांना म्हटलं, मुदत वाढवून मिळते का बघा.