२०२४ चे माझे आवडते सिनेमे, घरी पुन्हा पुन्हा पाहिल्यावर

वर्ष संपताना केलेली माझी यादी आता तशी राहिलेली नाही. हे सगळे सिनेमे मी आधी थिएटरात पाहिले होते. नंतरचे कित्येक महिने ते घरच्या टीव्हीवर, एका स्ट्रीमिंग अ‍ॅपमधून, जमेल तसे पुन्हा पाहत आलो. त्या अ‍ॅपचा वार्षिक प्लॅन संपत आल्याचा मेसेज आला आणि पैसे भरायचे की नाही हे ठरवताना हे लिहायला घेतलं. कथा आणि पुरस्कार तुम्हाला ठाऊकच असतील, ते सांगत बसत नाही. शेवटांबद्दल मात्र उघड बोलणार आहे.

कारण सगळं घोडं शेवटाशीच अडलंय.

‘फ्लो’ माझ्या यादीत पहिला होता आणि अजूनही पहिलाच आहे. लाटवियाच्या गिंट्स झिल्बालोडिसने ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेला, महापुरात एका होडीवर जमलेल्या मांजर आणि इतर प्राण्यांचा, एकही संवाद नसलेला अ‍ॅनिमेशन सिनेमा. घरी भाचीला घेऊन बसलो होतो. पूर ओसरतो, तो प्रचंड देवमासा जंगलात कोरड्या जमिनीवर अडकून पडतो, मांजर त्याच्या अंगाला जाऊन टेकते. मग ते चौघं प्राणी डबक्यात आपली प्रतिबिंबं बघतात आणि पडदा काळा होतो. भाचीच्या डोळ्यांत पाणी होतं. तेवढ्यात चित्र आक्रसून कोपऱ्यात गेलं, उरलेल्या पडद्यावर कुठल्यातरी पोलिसी मालिकेचं पोस्टर आलं आणि उलटी मोजणी सुरू झाली. मी रिमोट शोधेपर्यंत मालिकेत गोळीबार सुरू झाला होता.

‘फ्लो’ तिथे संपत नाही. कलाकार-तंत्रज्ञांची सगळी नावं सरकून गेल्यावर एक दृश्य आहे: उघडा समुद्र, आणि तसाच एक अजस्र जीव पाण्याबाहेर येतो. तो तोच का दुसरा, हे सिनेमा सांगत नाही. पण ते दृश्य पाहिलेला माणूस आणि न पाहिलेला माणूस वेगवेगळे सिनेमे पाहून उठतात. भाची ‘मेला का तो?’ एवढंच विचारत होती. मग मागे जाऊन, सगळी नावं पुन्हा चालवून तिला ते दृश्य दाखवलं. अ‍ॅपच्या भरवशावर राहिलो असतो तर देवमासा तिच्यापुरता कायमचा मेला असता.

त्या दिवसापासून मी कस्टमर केअरचा पिच्छा पुरवला. आधी सांगितलं, टीव्ही बंद करून चालू करा. मग लॉगआउट करा. मग अ‍ॅप काढून पुन्हा टाका. हे सगळं केल्यावर उत्तर आलं की ही सोय प्रेक्षकांच्या आग्रहावरून दिलेली आहे, आणि तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद. मी ती पुन्हा उघडली. पुढच्या माणसाने निदान नीट वाचलं आणि सांगितलं की ऑटोप्ले बंद करायचं बटण टीव्हीवरच्या अ‍ॅपमध्ये नाहीच, ते वेबसाइटवर प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये आहे. तिथे जाऊन बंद केलं. पुढची मालिका आपोआप सुरू व्हायची थांबली. चित्र आक्रसणं मात्र तसंच आहे. दर वेळी रिमोट हातात धरून बसायचं आणि काळोख झाला रे झाला की ‘क्रेडिट्स पाहा’वर दाबायचं. ज्या क्षणी हात मांडीवर स्वस्थ असायला हवेत, नेमक्या त्या क्षणी.

हे क्षुल्लक वाटत असेल तर ‘अनोरा’ घ्या. थिएटरात मला तो गोंगाटाचा वाटला होता आणि यादीत खाली टाकला होता. अनोराच्या श्रीमंत सासऱ्याची माणसं घरात घुसतात तो लांबलचक प्रसंग तेव्हा ताणल्यासारखा वाटला. घरी दुसऱ्यांदा पाहताना लक्षात आलं की त्या सगळ्या आरडाओरड्याचा हिशोब दिग्दर्शक शॉन बेकरने शेवटच्या काही मिनिटांत चुकता केला आहे. त्या माणसांतल्या एकाच्या आजीची जुनी गाडी, बाहेर बर्फ, आत तो आणि अनोरा, आणि काचेवर फिरणारे वायपर. पडदा काळा होतो तरी वायपरचा आवाज थांबत नाही. गाणं नाही, पार्श्वसंगीत नाही. दोन तास कानठळ्या बसवून दिग्दर्शक तुम्हाला त्या शांततेपर्यंत आणतो. बेकरने या एका सिनेमासाठी एकाच रात्री चार ऑस्कर घेतली, त्यातलं एक संकलनाचं. कुठे कापायचं आणि कुठे कापायचं नाही, हे ज्याला कळतं त्याच्या कामावर अ‍ॅप आपली कात्री चालवतं. त्या वायपरच्या आवाजावर दुसऱ्या कशाचा तरी ट्रेलर वाजला तेव्हा मी खरोखर संतापलो. आता ‘अनोरा’ माझ्या यादीत दुसरा आहे.

‘द ब्रूटलिस्ट’बद्दल मत बरंचसं तेच राहिलं. पूर्वार्ध जबरदस्त, उत्तरार्धात पकड ढिली होते, आणि १९८० च्या व्हेनिसमधला उपसंहार नको तेवढं समजावून सांगतो. २१५ मिनिटांत पंधरा मिनिटांचं मध्यंतर धरलेलं आहे आणि थिएटरात त्याची उलटी मोजणी पडद्यावर चालते. ती मोजणी दिग्दर्शकाने ठेवलेली आहे, म्हणून तिचा जाच होत नाही. उलट परत जागेवर येऊन बसायची ओढ लागते. सिनेमा व्हिस्टाव्हिजनवर चित्रित केला आहे. १९५४ साली पॅरामाउंटने आणलेल्या या पद्धतीत ३५ मिलिमीटरची फिल्म कॅमेऱ्यातून उभी न जाता आडवी सरकते, म्हणून प्रत्येक फ्रेमला जास्त जागा मिळते. दिग्दर्शक ब्रेडी कॉर्बेने नावांचाही तितकाच विचार केला आहे: सुरुवातीची नावं आडवी सरकतात, शेवटची तिरकी. त्या तिरक्या नावांवर डिस्को गाणं वाजतं आणि साडेतीन तासांचं ओझं अनपेक्षितपणे हलकं होतं. कोपऱ्यातल्या डबीत ती नावं वाचताच येत नाहीत. एका वास्तुशिल्पीच्या सिनेमात अक्षरांची मांडणी हाही सिनेमाच आहे, हे अ‍ॅप बनवणाऱ्यांना कळू नये?

‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ अधिक आवडत गेला. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत तीस वर्षांनी भारतीय सिनेमा आला आणि ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार घेऊन गेला याचा आनंद होताच, पण घरी पाहताना त्या आनंदाचं वजन उतरलं आणि सिनेमा स्वतःच्या पायावर उभा राहिला. मुंबईत नर्स असलेली प्रभा रात्री त्या लाल राइस कुकरला मिठी मारून बसते, तो क्षण थिएटरात मला जरा ठरवून केल्यासारखा वाटला होता. आता वाटत नाही. परदेशी गेलेल्या नवऱ्याचं घरात आलेलं तेवढंच अंग आहे ते. आणि छाया कदम! कागद नाहीत म्हणून राहत्या घरावरचा हक्क सिद्ध करता न येणारी पार्वती त्यांनी अशी उभी केली आहे की रडारड नाही, भाषण नाही. बिल्डरच्या जाहिरातीवर दगड मारतात आणि गावी निघून जातात. त्याच वर्षी ‘लापता लेडीज’मध्ये त्या मंजू माई होत्या. दोन्ही बायका एकट्या, दोघी कष्टाचं खाणाऱ्या, आणि तरी एकीची चाल दुसरीत दिसत नाही. वर्षातला सगळ्यात चांगला अभिनय कोणाचा असं विचारलंत तर मी याच दोन भूमिका एकत्र सांगेन.

‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ एक दिवस अ‍ॅपमधल्या माझ्या यादीतून गायब झाला. हक्कांची मुदत संपली, एवढंच उत्तर मिळालं. वर्षभराचे पैसे आगाऊ घेतलेले, आणि कुठला सिनेमा कधी जाणार याची आधी सूचना नाही.

‘ड्यून: पार्ट टू’ खाली घसरला. काळ्या सूर्याखालचं ते इन्फ्रारेड कॅमेऱ्याने टिपलेलं आखाड्याचं दृश्य अजूनही श्वास रोखायला लावतं. बाकी तो मोठ्या पडद्याचा आणि जमीन हादरवणाऱ्या आवाजाचा सिनेमा आहे. घरी बऱ्याचदा नुसतं वाळवंट उरतं.

अ‍ॅपबद्दल सरसकट वाईट लिहायचं ठरवलं होतं, पण ते न्याय्य होणार नाही. चित्र स्वच्छ दिसतं, सबटायटल्स नीट आहेत, आणि दुसऱ्यांदा पाहणं इतकं सोपं नसतं तर ‘अनोरा’ माझ्यासाठी कायम गोंगाटाचाच राहिला असता. पुन्हा पाहण्याची सोय ही मोठी गोष्ट आहे आणि ती मला याच अ‍ॅपने दिली.

तरीही प्लॅन वाढवला नाही. त्या पैशांतून ‘फ्लो’ची डिस्क घेतली. एकदाच पैसे दिले, मुदत नाही, आणि नावं सुरू झाली की चित्र जागचं हलत नाही. शेवटच्या दृश्यापर्यंत रिमोटला हात लावावा लागत नाही. हिशोबाने पाहिलं तर एका सिनेमासाठी डिस्क महाग पडते. पण मी वर्षभरात जे पुन्हा पुन्हा पाहतो ते मूठभरच सिनेमे असतात, हे या महिन्यांत स्पष्ट झालं. त्या मूठभरांसाठी डिस्क घ्यायच्या आणि बाकीचं एखाद्या महिन्याचा प्लॅन घेऊन पाहायचं, असं ठरवलंय. पुढची ‘अनोरा’ची घेणार आहे. कस्टमर केअरकडची तक्रार मी पुन्हा उघडून ठेवली आहे. चित्र आक्रसणं बंद करायचं बटण त्यांनी दिलं तर प्लॅनचा विचार नव्याने करेन.