सरकारी फॉस्टर केअर: ट्रेनिंग छान, नंतरचा सपोर्ट कमी पडतो

आमच्याकडे फॉस्टर केअरमधून, म्हणजे आईवडिलांकडे राहू न शकणारं मूल काही काळ दुसऱ्या कुटुंबाने सांभाळायच्या योजनेतून, मुलगी आलीये म्हणून लिहितेय. घराची पाहणी, पोलीस व्हेरिफिकेशन सगळं नीट झालं आणि ट्रेनिंग तर खरंच कामाचं होतं, उपाशी राहिलेली मुलं खाणं लपवून ठेवतात, ओरडायचं नाही, हे तिथेच कळलं. ही उशीच्या खोळीत बिस्किटं लपवायची, आम्ही तिला तिचा स्वतःचा डबाच दिला, कधीही उघड म्हणून, हळूहळू खोळ रिकामी राहायला लागली.

पण नंतर सपोर्ट कमी पडतो. सोशल वर्कर सारखे बदलतात, नवीन आला की परत पहिल्यापासून सगळं सांगा, आणि मुलीसमोरच तिची फाईल वाचत बसतात, हे मला अजिबात पटत नाही. तिच्या आईला भेटायचं ठरतं, मुलगी वेणी घालून तयार बसते आणि ऐनवेळी फोन, कॅन्सल! रात्रभर रडते बिचारी, तिला सावरायचं कसं हे सांगायला त्या वेळी कोणीच नसतं. भत्ता मिळतो पण उशिरा. रेस्पाइट केअर, म्हणजे थोडे दिवस दुसऱ्या ट्रेन्ड कुटुंबाने मूल सांभाळणं, हे आपणच मागावं लागतं, नक्की मागा.

मूल आईवडिलांकडे परत जाऊ शकतं, हे दत्तक नाही, एवढं मनाशी पक्कं असेल तर अर्ज जरूर करा.